‘आधी पेशी वाढू द्या, मग बघू’ हे उत्तर नव्हे!



कॅन्सर मणक्यात पसरलाय. दोन दिवसांपासून पाय जड पडतायत. एमआरआयमध्ये गाठ मज्जारज्जूवर दाब देताना स्पष्ट दिसतेय. आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स ४२,०००. अशा पेशंटच्या नातेवाइकांना आपल्याकडे सर्रास एक वाक्य ऐकवलं जातं, "आधी पेशी वाढू द्या, मग ऑपरेशनचं बघू."

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. कुणी घाई केली नाही, कुणी धोका पत्करला नाही. नातेवाईक मान डोलावतात आणि पेशी वाढवण्याच्या मागे लागतात. माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला अर्धवट आहे, आणि मणक्याच्या गाठीत अर्धवट सल्ल्याची किंमत पेशंट आपल्या पायांनी मोजतो. पेशी कशामुळे कमी झाल्या? त्या कशाने वाढणार? किती दिवसांत? आणि तोवर मज्जारज्जू थांबू शकेल का? या चार प्रश्नांची उत्तरं सोबत नसतील, तर त्याला सल्ला म्हणू नका. ती टोलवाटोलवी आहे.

प्लेटलेट्स आणि मणक्याचं ऑपरेशन: भीती खरी आहे

आधी दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. प्लेटलेट्स म्हणजे रक्तातल्या अगदी छोट्या कणिका. रक्तवाहिनीला भोक पडलं की त्या तिथे धावत जातात, एकमेकींना चिकटतात आणि बूच मारतात. निरोगी माणसात त्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख असतात. अस्थिमज्जेत तयार होतात आणि ८-१० दिवस जगतात. म्हणजे कारखाना बंद पडला तर आठवड्याभरात साठा संपायला लागतो.

आता मणक्याचं ऑपरेशन. पोटात ऑपरेशननंतर थोडं रक्त साठलं तर शरीर बऱ्याचदा निभावून नेतं. मणक्याच्या आतली पोकळी मात्र हाडाने बंद केलेली आहे. तिथे रक्ताची गुठळी झाली तर तिला पसरायला जागाच नाही. ती थेट मज्जारज्जू दाबते. ऑपरेशन उत्तम झालं, पेशंटने पाय हलवून दाखवले आणि काही तासांनी पाय गेले, असं होऊ शकतं. मग त्याच रात्री पुन्हा टाके उघडून गुठळी काढावी लागते.

त्यात गाठी स्वतःच रक्ताळ असतात. किडनीच्या आणि थायरॉइडच्या कॅन्सरच्या मणक्यातल्या गाठी तर इतक्या रक्तस्राव करतात, की ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी अँजिओग्राफी करून त्यांचा रक्तपुरवठा बंद करण्याची पद्धत आहे. तेव्हा प्लेटलेट्सना घाबरणारा सर्जन भित्रा नाही. घाबरण्यासारखंच आहे ते.

पण भीती खरी असणं वेगळं आणि त्या भीतीपोटी हात बांधून बसणं वेगळं.

दुसरं घड्याळही चालू असतं

गाठीने मज्जारज्जू दाबला की आधी पाठ दुखते. रात्री झोपल्यावर जास्त, खोकताना-शिंकताना जास्त, कधी छातीला पट्टा आवळल्यासारखी. मग पाय लटपटतात. मग बधिरपणा चढत जातो. मग लघवी अडते. या पायऱ्या कधी महिन्याभरात चढल्या जातात, तर कधी दोन दिवसांत.

उपचार सुरू होताना पेशंट कोणत्या पायरीवर होता, यावर पुढे तो चालेल की नाही हे सर्वांत जास्त अवलंबून असतं. चालता येत असताना उपचार झाला तर बहुतेक जण चालते राहतात. पाय पूर्ण गेल्यावर एक-दोन दिवस उलटले की परत येण्याची आशा झपाट्याने कमी होते. म्हणूनच ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या सूचना सांगतात, की अशी शंका आली तर २४ तासांच्या आत एमआरआय झालाच पाहिजे.

२००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये पॅचेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. १०१ पेशंट होते. निम्म्यांना नुसतं रेडिएशन, निम्म्यांना ऑपरेशन करून दाब काढला आणि मग रेडिएशन. उपचारांनंतर चालू शकणारे पहिल्या गटात ५७ टक्के, ऑपरेशनच्या गटात ८४ टक्के. चालण्याची क्षमता टिकली ती पहिल्या गटात १३ दिवस, दुसऱ्यात १२२ दिवस, म्हणजे मधल्या पेशंटचा आकडा. कॅन्सर पसरलेल्या माणसासाठी १३ दिवस आणि चार महिने यात काय फरक आहे, हे ज्याने घरात असा पेशंट सांभाळलाय त्याला सांगायला नको. स्वतःच्या पायांनी बाथरूमला जाणं आणि डायपर, एवढा तो फरक आहे.

हा अभ्यास निवडक पेशंटचा होता. रेडिएशनने चटकन विरघळणाऱ्या गाठी त्यात नव्हत्या. प्रत्येकाचं ऑपरेशन करा असं तो सांगत नाही. पण ‘थांबणं म्हणजे सुरक्षित’ हा समज मात्र तो पार मोडतो.

एक लाखाची रेषा कुणी आखली?

नातेवाइकांना वाटतं की ९९,००० म्हणजे मरण आणि १,००,००० म्हणजे निर्धोक. तसं काही नाही.

साधारण मान्य पद्धत अशी आहे. केमोमुळे पेशी कमी झालेल्या, पण रक्तस्राव होत नसलेल्या पेशंटला १०,००० च्या खाली गेल्यावर प्लेटलेट्स देतात. बहुतेक मोठ्या ऑपरेशनला ५०,००० पुरतात. मेंदू आणि डोळ्याच्या मागच्या भागाच्या ऑपरेशनला १ लाख असाव्यात असं ब्रिटनच्या रक्तविकारतज्ज्ञांच्या २०१७ च्या सूचनांमध्ये आहे. मज्जारज्जूजवळचं काम असल्याने मणक्यालाही बहुतेक जण तेच माप लावतात.

यातली गोम अशी, की हा १ लाखाचा आकडा मोठमोठ्या चाचण्यांमधून निघालेला नाही. तो प्रामुख्याने तज्ज्ञांच्या सहमतीतून आलाय. मेंदूत किंवा मणक्यात रक्तस्राव झाला तर नुकसान भयंकर, म्हणून हात राखून ठरवलेला. वेळ हाताशी असलेल्या ऑपरेशनसाठी तो अगदी योग्य आहे. पण पाय जात असताना ८०,००० आहेत म्हणून कुणी फाइल बाजूला ठेवत असेल, तर त्याने सूचना पाळली नाही, सूचनेमागे लपायचं काम केलं.

शिवाय आकडा सगळं सांगतही नाही. प्लेटलेट्स दोन लाख आहेत, पण पेशंट रोज ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेतोय, तर त्या संख्येने भरपूर आणि कामाला निम्म्या. किडनी निकामी असेल किंवा मायलोमा असेल तरी प्लेटलेट्सचं काम बिघडू शकतं. याउलट ७०,००० ताज्या, दमदार प्लेटलेट्स असतील आणि रक्त गोठण्याच्या बाकी तपासण्या चांगल्या असतील, तर चित्र तितकं वाईट नसतं. (म्हणून हृदयाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट असेल तर ते जिवावर बेतू शकतं. फक्त त्या चालू आहेत हे सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा.)

‘किती’च्या आधी ‘का’

माझं सर्वांत मोठं भांडण इथे आहे. प्लेटलेट्स कमी होणं हा आजार नाही, ते लक्षण आहे. ताप आल्यावर आपण कारण शोधतो. मग इथे थेट पिशव्या का मागवतो? कारणाप्रमाणे उपाय पूर्ण बदलतो.

मोजण्यातली चूक. काही लोकांच्या प्लेटलेट्स रक्ततपासणीच्या नळीतल्या रसायनामुळे एकमेकींना चिकटतात आणि मशीन ते पुंजके मोजतच नाही. रिपोर्ट ३५,००० चा, प्रत्यक्षात पेशी व्यवस्थित. काचपट्टीवर रक्त तपासून आणि सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजून हे त्याच दिवशी कळतं. कमी आलेल्या पहिल्या रिपोर्टनंतर हे झालंच पाहिजे.

केमो. बऱ्याच केमोनंतर साधारण १० ते १४ दिवसांनी पेशी तळाला जातात आणि मग आपोआप वर येतात. काही औषधांत, उदाहरणार्थ कार्बोप्लॅटिनमध्ये, हा तळ तिसऱ्या आठवड्यात येतो. म्हणजे केमोची तारीख माहीत असेल तर पेशी कधी वाढणार याचा अंदाज आधीच बांधता येतो.

अस्थिमज्जेतच कॅन्सर. स्तन, प्रोस्टेट अशा कॅन्सरमध्ये गाठ मणक्यात असते, तसा कॅन्सर हाडांच्या मगजातही पसरलेला असू शकतो. इथे ‘पेशी वाढू द्या’ म्हणणं निरर्थक आहे. कॅन्सरवर उपचार झाल्याशिवाय त्या वाढणारच नाहीत. मायलोमात तर मणका पोखरणारा आणि प्लेटलेट्स कमी करणारा शत्रू एकच असतो.

जंतुसंसर्ग, लिव्हर, औषधं. सेप्सिसमध्ये प्लेटलेट्स खर्च होतात. लिव्हर खराब असेल तर वाढलेली प्लीहा त्या अडकवून ठेवते. लिनेझोलिडसारखी अँटिबायोटिक्स किंवा फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट त्या कमी करू शकतात. हेपारिन सुरू केल्यावर पाच-दहा दिवसांत पेशी निम्म्याने उतरल्या, तर आधी हेपारिनवर संशय घ्यायचा. त्या आजारात रक्तस्रावापेक्षा गुठळ्यांचा धोका मोठा असतो आणि वरून प्लेटलेट्स देणं शक्यतो टाळतात. आणि हो, पावसाळ्यात कॅन्सरच्या पेशंटलाही डेंग्यू होतोच.

शरीरच पेशी मारतंय. आयटीपीमध्ये दिलेल्या प्लेटलेट्सही काही तासांत नष्ट होऊ शकतात. तिथे स्टिरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिन लागतं. नुसत्या पिशव्या चढवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

बघा, आकडा सगळीकडे ४०,०००. पण एकाला नळी बदलायची, एकाला आठ दिवस थांबायचं, एकाला औषध बंद करायचं, एकाला तातडीने कॅन्सरचा उपचार द्यायचा. कारण न शोधता ‘वाढू द्या’ म्हणणाऱ्याने नेमकं काय सांगितलं?

पपईची पानं, किवी आणि हातचे गेलेले दिवस

आता थोडं तुमच्याशीही भांडतो.

‘पेशी वाढवा’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी घरात पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, शेळीचं दूध आणि व्हॉट्सॲपवर आलेली पाच नावं हजर होतात. पपईच्या पानांच्या अर्कावर डेंग्यूमध्ये काही छोटे अभ्यास झाले आहेत. पण डेंग्यूत आजार ओसरला की प्लेटलेट्स तशाही स्वतःहून वाढतात, म्हणून श्रेय कुणालाही घेता येतं. केमोने थकलेली किंवा कॅन्सरने व्यापलेली अस्थिमज्जा या रसाने जागी होते आणि मणक्याचं ऑपरेशन सुरक्षित होतं, याचा भरवशाचा पुरावा नाही.

किवी खायला माझी हरकत नाही. (केमोमुळे पांढऱ्या पेशीही कमी असतील तर कच्चे रस मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या. त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.) हरकत आहे ती वाट बघण्याला. रस पाजून रोज रक्त तपासायचं, ४२ चे ४५ झाले की आनंद, ४१ झाले की रडारड. या हिशेबात पाय किती हलतायत हे कुणी बघतच नाही. रोज मोजायचंच असेल तर पायांची ताकद मोजा. काल जिना चढले, आज चढता आला का? काल लघवी कळत होती, आज कळतेय का? या घरात तो आकडा प्लेटलेट्सपेक्षा महत्त्वाचा आहे.

पिशव्या: कधी, किती, कशासाठी

तातडी असेल तर प्लेटलेट्स देऊन ऑपरेशन करता येतं. पण ते नियोजनाने.

एका रक्तदात्याच्या नेहमीच्या रक्तदानातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट्सची एक पिशवी मोठ्या माणसात साधारण ५ ते १० हजारांची वाढ देते. मशीन लावून एकाच दात्याकडून घेतलेली पिशवी, जिला आपण एसडीपी म्हणतो, साधारण ३० ते ५० हजारांची. हे प्लेटलेट्स फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवावे लागतात आणि साधारण पाच दिवसच टिकतात. शरीरात गेल्यावरही ते फार दिवस पुरत नाहीत. ताप किंवा संसर्ग असेल तर आणखी लवकर संपतात.

म्हणून सोमवारी पिशवी चढवून गुरुवारी ऑपरेशन करण्यात अर्थ नाही. प्लेटलेट्स ऑपरेशनच्या अगदी आधी द्यायच्या, तासाभरात पुन्हा मोजून खरंच वाढल्या का बघायचं, ऑपरेशन चालू असताना पिशव्या तयार ठेवायच्या आणि पुढचे काही दिवस लक्ष ठेवायचं. ज्यांना आधी खूप वेळा रक्त चढवलंय, त्यांच्यात दिलेल्या प्लेटलेट्स टिकतच नाहीत असं घडतं. त्यांना जुळणारा दाता शोधावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. हे ऑपरेशनच्या टेबलवर कळून उपयोग नाही.

आणि इथे माझा रोख आपल्या व्यवस्थेवर आहे. रात्री अकरा वाजता नातेवाइकाच्या हातात ‘एसडीपी ३’ अशी चिठ्ठी देऊन त्याला गावभर फिरायला लावणं हा उपचाराचा भाग नाही. खेड्यातून आलेल्या, शहरात ओळखीचं कुणी नसलेल्या माणसाने मध्यरात्री दाता कुठून आणायचा? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची पद्धत बंद करायला सांगितली. ते योग्यच झालं. पण त्याची जागा स्वेच्छा रक्तदानाने भरायची होती, हतबल नातेवाइकांच्या पायपिटीने नव्हे. मणक्याच्या गाठीची ऑपरेशनं करणाऱ्या रुग्णालयाने आपल्या रक्तपेढीशी बोलून ठेवणं, हे ऑपरेशन थिएटरमधल्या दिव्याइतकंच मूलभूत आहे.

"पण काही झालं तर जबाबदार कोण?"

माझे काही सहकारी म्हणतील, ब्लॉगवर लिहिणं सोपं आहे. ६०,००० प्लेटलेट्सवर हात घातला, गुठळी झाली, पाय गेले, तर नातेवाईक आम्हालाच धरतील.

हा मुद्दा खोटा नाही. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांनी आणि प्रत्येक वाईट निकालाला हलगर्जीपणा म्हणणाऱ्यांनीच डॉक्टरांना हात राखायला शिकवलं आहे. तरीही मला हा हिशेब एकतर्फी वाटतो. ऑपरेशननंतर पाय गेले तर ती गुंतागुंत ठरते आणि तिला एक नाव, एक तारीख, एक सही मिळते. वाट बघता बघता पाय गेले तर तो ‘आजाराचा भाग’ ठरतो. पेशंटच्या दृष्टीने दोन्हीकडे पाय गेलेच. न केलेल्या गोष्टीचीही जबाबदारी असते, फक्त ती कुठल्या कागदावर येत नाही.

यावरचा मार्ग बेधडक ऑपरेशन हा नाहीच. सर्जन, कॅन्सरतज्ज्ञ, रक्तविकारतज्ज्ञ, रेडिएशनचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ यांनी एकत्र बसून, निदान त्याच दिवशी फोनवर बोलून, दोन्ही धोके मांडायचे आणि ते नातेवाइकांसमोर जसेच्या तसे ठेवायचे. ‘अनफिट’ हा एक शब्द लिहून फाइल परत पाठवणं यात बसत नाही.

ऑपरेशन नाही, हाही उत्तम निर्णय असू शकतो

काही पेशंटमध्ये ऑपरेशन न करणंच योग्य असतं. लिम्फोमा आणि मायलोमासारख्या गाठी रेडिएशन आणि औषधांनी पटकन आकसतात. तिथे मणका डळमळीत नसेल तर चिरफाड टाळता येते. कुणाची आयुष्याची शक्यताच काही आठवड्यांची असते. कुणाच्या प्लेटलेट्स कशालाच दाद देत नाहीत. अशा वेळी तातडीचं रेडिएशन, सूज उतरवायला डेक्सामेथासोन, वेदनाशमन आणि चांगली शुश्रूषा हाच उपचार. रेडिएशनला १ लाख प्लेटलेट्स लागत नाहीत.

आणि दुखणं आहे पण पायांत ताकद पूर्ण आहे, केमोचा बारावा दिवस आहे, अशा पेशंटने आठवडाभर थांबणं शहाणपणाचंच आहे. फक्त थांबण्याला तारीख हवी, पाय रोज तपासणारं कुणीतरी हवं आणि बिघडलं तर काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं. विचार करून थांबणं आणि सुचत नाही म्हणून थांबणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डॉक्टरांना हे विचारा

‘पेशी वाढू द्या’ असं कुणी म्हटलं तर नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारा:

१. पेशी कमी होण्याचं कारण काय वाटतं? रिपोर्ट काचपट्टीवर तपासून खात्री केली का?

२. त्या आपोआप वाढणार, औषधाने वाढणार, की कॅन्सरवर उपचार झाल्यावरच? साधारण कोणत्या तारखेपर्यंत?

३. तोपर्यंत मज्जारज्जूला किती धोका आहे? पायांची ताकद आज किती आहे, हे फाइलमध्ये लिहिलंय का?

४. ताकद कमी झाली तर रात्रीसुद्धा कुठे यायचं, कुणाला फोन करायचा?

५. ऑपरेशनऐवजी किंवा ऑपरेशनपर्यंत रेडिएशन, स्टिरॉइड देता येईल का?

६. प्लेटलेट्स देऊन ऑपरेशन करायचं ठरलं तर किती पिशव्या लागतील, आणि रक्तपेढीशी बोलणं झालंय का?

७. रक्तविकारतज्ज्ञांचं मत घेतलं का?

आणि कॅन्सरच्या कुठल्याही पेशंटला नव्याने पाठदुखी सुरू झाली, पाय लटपटू लागले, लघवी-संडासचं भान कमी झालं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

शेवटी एक विनंती तुम्हा निरोगी वाचकांना. जवळच्या रक्तपेढीत प्लेटलेट्सचे दाते म्हणून नाव नोंदवा. त्याला तास-दीड तास लागतो, लाल पेशी तुम्हाला परत मिळतात आणि दिलेल्या प्लेटलेट्स काही दिवसांत भरून येतात. दान करायच्या आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेलं नसावं, एवढं लक्षात ठेवा. कुणाच्या तरी हातात रात्री अकरा वाजता ती चिठ्ठी पडते, तेव्हा रक्तपेढीच्या यादीत तुमचं नाव असेल तर त्याची पायपीट वाचेल. आणि कुणाचे तरी पायही.